जिभेचा नकाशा

सोमवार, ३ फेब्रुवारी

शाळेने आजपासून एक नोंदवही दिली आहे. तिच्यात तीन रकाने: उद्दिष्ट, कृती, निष्पत्ती. रागाला रकाना नाही, म्हणून ही वेगळी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

झालं असं. मागच्या महिन्यात शिक्षण कार्यालयाने आठवीच्या सगळ्या तुकड्यांना विज्ञानाचं एक न शिकवलेलं पान दिलं. पान वाचा, खालच्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा, एवढंच काम. चार तुकड्यांत माझी तुकडी शेवटची आली. माझी! अडतीस मुलांपैकी बावीस जणांना सहामाहीत चाळीसपैकी तीसच्या वर गुण आहेत, ती. आमच्या पहिल्या नंबरच्या मुलाने पाचपैकी दोन प्रश्न सोडवले आणि उरलेल्यांसमोर लिहिलं, ‘हे सरांनी लिहून दिलेले नाही.’

मोठ्या बाई म्हणाल्या, "सर, तुमची मुलं वाचत नाहीत."

मी म्हणालो, "वाचायची गरजच पडू नये असं मी शिकवतो."

त्या नुसत्या हसल्या. मुख्याध्यापिका हसल्या की मागोमाग एखादी बातमी येते.

ती अशी की सहामाहीत सोळाच्या खाली असलेल्यांना एप्रिलपासून विज्ञान बंद. त्यांच्यासाठी पायाभूत वर्ग निघणार, त्यात वाचन, लेखन आणि हस्तकला. अशा वर्गात एकदा गेलेलं मूल पुन्हा विज्ञानाला आलेलं मी पाहिलेलं नाही. माझ्या वर्गातले नऊ जण आहेत. सात मार्चपर्यंत यादीवर माझी सही हवी. नऊही नावं मला पाठ आहेत आणि त्यातलं एकही वादाचं नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

कार्यालयातून प्रशिक्षक बाई आल्या. तिशीच्या असतील. आता सहा आठवडे दर मंगळवारी माझ्या वर्गात मागे बसणार. त्यांचा नियम एकच: मुलांनी पान वाचायच्या आधी मी तोंड उघडायचं नाही.

"विज्ञानाच्या तासाला आता मी भाषा शिकवू का?" मी विचारलं.

"भाषा नाही सर, विज्ञान कसं वाचायचं ते. गोष्टीत एखादा शब्द सुटला तरी चालून जातं. इथे ‘फक्त’ किंवा ‘बहुतेक’ सुटला की अर्थच फिरतो."

मुद्दा बरा होता. मी मान मात्र हलवली नाही. मला एकोणतीस वर्षं झाली या कामात, आणि माझ्या तपकिरी वहीतली टिपणं इतकी घासूनपुसून तयार झाली आहेत की डोळे मिटून सांगावीत. मी सांगतो, मुलं उतरवून घेतात, परीक्षेत तेच लिहितात. यात कुणाचं काय बिघडलं ते मला कळलेलं नाही.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिला प्रयोग. प्रशिक्षक बाईंनी गंजण्यावरचं पुस्तकाबाहेरचं एक पान ठेवून दिलं होतं, त्याच्या प्रती वाटल्या. म्हणालो, "वाचा." आणि गप्प बसलो.

अडतीस मुलं पानाकडे न बघता माझ्याकडे बघत बसली. मी खिडकीकडे बघितलं. मग तीही खिडकीकडे बघू लागली. सहा मिनिटं झाली. खडू हातात घेऊन गप्प राहणं म्हणजे काय असतं ते मला आज कळलं. शेवटी पहिल्या नंबरने हात वर केला. "सर, यातल्या महत्त्वाच्या ओळी कुठल्या?" मागची एक मुलगी म्हणाली, "सर, त्यापेक्षा लिहूनच द्या ना." मला बरं वाटलं, खोटं का बोला.

एक मुलगी तेवढी वाचत होती, पण ते वाचन म्हणायचं का हा प्रश्नच आहे. ओळीखाली बोट, ओठ हलताहेत, मध्येच मागे जाऊन पुन्हा तीच ओळ. सगळ्यांचं झाल्यावर दहा मिनिटांनी तिचं संपलं. मी तिला मनातल्या मनात गोगलगाय म्हणतो. ऑक्टोबरात दुसऱ्या शाळेतून आली. यादीतली आहे, चौदा गुण. पेपरात मनाला येईल ते लिहिते. मी शिकवलेलं एक वाक्य तिच्या उत्तरात सापडलं तर शपथ.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज खुणांचा खेळ. वाचताना समासात पेन्सिलीने खूण करायची: आधीच माहीत असेल तिथे बरोबरची खूण, नवीन असेल तिथे उद्गारचिन्ह, कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. पस्तीस मुलांनी वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा केल्या. पान कसं, तपासलेल्या वहीसारखं स्वच्छ.

गोगलगायीच्या पानावर सात प्रश्नचिन्हं. मी ते पान प्रशिक्षक बाईंना दाखवलं, म्हटलं, "हे बघा, एका पानात सात ठिकाणी काही कळलं नाही. अशा मुलांना विज्ञानात ठेवून त्यांचेच हाल."

त्या पान बराच वेळ बघत राहिल्या. "आणि बाकीच्यांना सगळं कळलं?"

"खुणा तर तसंच सांगतात."

"यातलं तिसरं प्रश्नचिन्ह मलाही पडलं होतं," त्या म्हणाल्या आणि पान पिशवीत ठेवून घेऊन गेल्या. प्रशिक्षक लोकांना नेहमी कमजोर मुलांचा कळवळा. त्यांना निकाल लावायचा नसतो ना.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज एक गंमत कळली. मुलांनी माझं नाव ‘रेडिओ’ ठेवलं आहे. शिपायाने सांगितलं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की बघ, एकोणतीस वर्षं झाली तरी आवाज अजून खणखणीत आहे, पोरांनाही जाणवतं.

ती म्हणाली, "आवाजावरूनच ठेवलं असेल असं कशावरून?"

"मग कशावरून?"

"मला काय माहीत. मी काही तुमच्या वर्गात बसत नाही." आणि भाजी निवडत बसली. ती दवाखान्याच्या औषधखिडकीवर काम करते. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं आणि औषधांच्या बारीक चिठ्ठ्या वाचून तिला प्रत्येक गोष्टीत काहीतरी खोच दिसते. एकच औषध वीस वर्षं देत आली असली तरी नवीन खोका आला की त्यातली चिठ्ठी पुन्हा वाचते. मी म्हणतो, पाठ झालेलं पुन्हा काय वाचायचं?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गोगलगायीची आई शाळेत आली होती. कपडे शिवण्याच्या कारखान्यात आहे, अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली. कुणीतरी तिला यादीचं सांगितलं असावं.

"सर, तिचं विज्ञान काढू नका हो. तिला तेवढंच आवडतं."

मी समजावलं की आवडणं वेगळं आणि जमणं वेगळं. चौदा गुण आहेत.

"तेच तर मला कळत नाही. सुट्टीच्या दिवशी पुस्तक सोडत नाही. मला बोलावून वाचून दाखवते, हे असं आहे आई, ते तसं आहे आई. मग गुण कुठे जातात?"

सगळ्या आया हेच सांगतात. मी म्हटलं, "पुस्तक डोळ्यांसमोर धरलं म्हणजे वाचलं असं नाही." ती उठली, खुर्ची होती तशी आत सरकवली आणि गेली. जाताना नमस्कार केला नाही. मला वाईट वाटलं, पण नियम काही मी केलेला नाही.

प्रशिक्षक बाईंनी पुढच्या मंगळवारसाठी काम दिलं आहे. मी वर्गासमोर पाठ्यपुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायचं, आणि वाचता वाचता डोक्यात जे येईल तेही मोठ्याने बोलायचं. कुठे अडलो, कुठे मागे गेलो, काय आठवलं. मोठं माणूसही वाचताना अडतं, हे मुलांना दिसावं म्हणे. मी अडत नाही, ही अडचण. थोडं सोंग करावं लागणार. पचनसंस्थेचं पान घेईन आणि दोन ठिकाणी खोटं अडखळेन.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

जसं झालं तसं लिहितो.

वर्गात गेलो. प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "पान मुलांनी निवडू दे." एका मुलीने डोळे मिटून पुस्तक उघडलं. ज्ञानेंद्रियांचा धडा, जिभेचं पान. मला हसू आलं. जिभेचा नकाशा तर माझा हातखंडा! टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. फळ्यावर रंगीत खडूंनी काढतो, मग साखर देतो, मुलं टोकावर ठेवून माना डोलावतात. सहामाहीत त्यावर तीन गुणांचा प्रश्नही होता.

वाचायला लागलो. आवाज चांगला लागला होता. "जिभेवरील रुचिकलिकांमुळे आपल्याला चव कळते. जिभेच्या सर्व भागांवर सर्व चवी कळतात."

आणि थांबलो. मागे गेलो. पुन्हा वाचलं. तेच होतं.

प्रशिक्षक बाई मागून म्हणाल्या, "बोला सर. डोक्यात काय आलं?" त्यांना वाटलं मी ठरलेलं सोंग करतो आहे. अडतीस मुलांसमोर त्यांच्या वह्यांतला माझा नकाशा उघडा होता, चार रंगांतला.

माझ्या तोंडून निघालं, "इथे छपाईची चूक झालेली दिसते."

मुलांनी पटापट पेनं काढली. पहिल्या नंबरने विचारलं, "सर, दुरुस्त करून लिहायचं का?" गोगलगायीने तर पुस्तक उघडलंही नव्हतं. मिटलेल्या पुस्तकावर दोन्ही हात ठेवून बसली होती. हिचं हे असं.

"पुढचं वाक्य वाचा ना सर," प्रशिक्षक बाई म्हणाल्या. पुढचं वाक्य मी डोळ्यांनी आधीच वाचलं होतं: ‘जिभेचे चवींनुसार ठरावीक भाग असतात ही पूर्वीची समजूत चुकीची ठरली आहे.’ ते माझ्या तोंडून निघेना. घंटा झाली. एवढी गोड घंटा मी उभ्या जन्मात ऐकली नव्हती.

बुधवार, २६ फेब्रुवारी

रजा टाकली. पोटाचं कारण दिलं, तेही अगदीच खोटं नव्हतं.

पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर बघितलं. सुधारित आवृत्ती, पाच वर्षांपूर्वीची. दर जूनला शिक्षकांना नवी प्रत मिळते, मी ती घरी कपाटात ठेवतो. पाच प्रती ओळीने उभ्या होत्या. एकही कधी उघडलेली नव्हती.

तपकिरी वही आणि पुस्तक शेजारी ठेवून दिवसभर वाचलं. ओळीखाली बोट धरून, हो. मेणबत्तीचा प्रयोगही बदललेला निघाला. बशीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी आत चढतं. माझ्या वहीत: ऑक्सिजन संपतो, त्याची जागा पाणी घेतं. पुस्तकात: ज्योतीने हवा तापून पसरते, विझल्यावर ती गार होऊन आकसते, पाणी चढण्याचं मुख्य कारण हे. माझं म्हणणं अपुरं असल्याचंही तिथेच दिलं आहे, दोन कारणांसह. मी ती कारणं तीनदा वाचली आणि ती पटली. पटली याचाच जास्त राग आला.

संध्याकाळी बायको आल्यावर तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं. डोळे मिट म्हटलं. कापूस लावलेली काडी मिठाच्या पाण्यात बुडवून जिभेच्या टोकाला लावली.

"खारट," ती म्हणाली.

"नीट सांग."

"अहो, मीठ खारट लागतं हे नीट कसं सांगायचं?"

टोकाला खारट, मध्ये खारट, मागे खारट. साखरही सगळीकडे गोड. मग मी स्वतः करून बघितलं, तेच. एकोणतीस वर्षं मी साखर वाटायच्या आधी मुलांना सांगत आलो की टोकावर गोड लागेल, आणि मुलांना टोकावर गोड लागत आलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

सहामाहीचे पेपर कपाटातून काढले. सगळ्यांच्या आधी गोगलगायीचा काढला. का ते मला नीट सांगता येणार नाही.

प्रश्न चार, जिभेची आकृती काढून चवींचे भाग दाखवा. तिने जीभ काढली होती, भाग पाडले नव्हते. खाली लिहिलं होतं, ‘सर्व भागांवर सर्व चवी कळतात म्हणून वेगळे भाग दाखवले नाहीत.’ मी लाल पेनाने शून्य दिलं होतं. प्रश्न सात, मेणबत्ती. ‘ज्योत विझल्यावर हवा गार होऊन आकसते म्हणून पाणी वर चढते.’ शून्य. आणि समासात माझं अक्षर: ‘मनाचे लिहू नये.’

चौदा अधिक सहा, वीस. ही मुलगी यादीत नाहीच.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. मग बाकीचे पेपर बघितले. माझा नकाशा जसाच्या तसा काढून तीन आणि मेणबत्तीचे तीन मिळवलेली मुलं मोजली. नियमाने त्यांचे सहा गुण गेले पाहिजेत. तसे गेले तर पाच मुलं सोळाच्या खाली येतात. एक बाहेर, पाच आत. यादी नऊची तेरा होते. त्या पाच जणांनी काय केलं? मी सांगितलं ते लिहिलं.

सोमवार, ३ मार्च

काही केलं नाही.

एक सोपी वाट सुचली आहे. गोगलगायीच्या पेपरावर ‘बेरजेची चूक’ असं लिहायचं आणि वीस करायचे. कुणी पेपर उघडून बघत नाही. मुलगी वाचेल, पाच जण वाचतील, मीही वाचेन. मे महिन्यात पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव पुढे आहे. अकरा वर्षं वाट बघितली आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "करा की. पण तिला काय कळेल? एवढंच, की तिच्या गुणांची बेरीज चुकली होती."

"तिला विज्ञान मिळेल ना."

"मिळेल. आणि जिभेचं खरं काय, ते तिला कोण सांगणार?"

मी ताट सरकवून उठलो. नंतर माफी मागितली. तिने माफ केलं म्हणाली, पण चेहऱ्यावर तसं दिसलं नाही.

बुधवार, ५ मार्च

मधल्या सुट्टीत गोगलगायीला प्रयोगशाळेत बोलावलं. निदान सहा गुणांची बातमी द्यावी असं मनात होतं. पेपर टेबलावर ठेवला.

"ही दोन उत्तरं तू कुठून लिहिलीस?"

"चुकलं सर."

"चूक-बरोबर राहू दे. कुठून लिहिलीस ते सांग."

"पुस्तकातून. मी ऑक्टोबरात आले तोवर सहा धड्यांच्या वह्या झाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, कुणाची तरी उतरवून घे. कुणी दिलीच नाही. म्हणून पुस्तक वाचलं." मग घाईघाईने म्हणाली, "पण आता तसं नाही करत सर. आता सगळं नीट केलंय."

"नीट म्हणजे?"

तिने दप्तरातून पुस्तक काढलं आणि जिभेचं पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. ‘जिभेच्या सर्व भागांवर सर्व चवी कळतात’ या ओळीवर पट्टी ठेवून निळ्या पेनाने रेघ मारलेली होती. पुढच्या ओळीवरही. समासात बारीक, सुबक अक्षरात माझं टिपण: टोकाला गोड, कडांना खारट आणि आंबट, मागे कडू. मी पान उलटलं. मेणबत्तीवर रेघ. आणखी उलटलं. जिथे जिथे पुस्तकात माझ्या वहीपेक्षा एखादं वाक्य वेगळं होतं किंवा जास्त होतं, तिथे तिथे रेघ, आणि शेजारी माझं वाक्य. पानामागून पान.

"पेपर मिळाल्यावर पहिल्या नंबरकडून दोन दिवस वही मागून घेतली. सहा धडे झालेत. बाकीचे सुट्टीत करेन." तिचा चेहरा उजळला होता. "त्या दिवशी तुम्ही छपाईची चूक आहे म्हणालात ना, ती मला आधीच कळली होती सर. माझं तेव्हाच करून झालं होतं."

मी काय करावं? मला रडू आलं. इथे लिहायला हरकत नाही. तिथे खोकल्याचं सोंग केलं आणि खिडकी उघडायला गेलो. या मुलीला सगळ्या वर्गात एकटीला वाचता येत होतं. मी ते तिच्याकडून काढून घेतलं, आणि काढून घेतलं हे तिला कळलंही नाही. उलट ती मला शाबासकी मागत होती.

वळून म्हणालो, "बाळ, पुस्तक बरोबर आहे. मी चुकलो. तुझी दोन्ही उत्तरं बरोबर होती."

तिने माझ्याकडे बघितलं, मग पानाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. खूश झाली नाही. पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "पण आता तर पेनाने केलंय."

गुरुवार, ६ मार्च

पहिल्या तासाला वर्गाला सांगितलं. छपाईची चूक नव्हती, माझी होती, आणि त्या दिवशी मी खोटं बोललो. पुढचं वाक्य मोठ्याने वाचलं. पहिल्या नंबरने हात वर करून विचारलं, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" त्याच्या आवाजात भीती होती. त्या मुलाची मला कधी काळजी वाटेल असं वाटलं नव्हतं, आज वाटली.

मग मोठ्या बाईंकडे गेलो. दोन प्रश्नांना दोन्ही उत्तरं ग्राह्य धरा म्हणालो, पुस्तकातलंही आणि माझंही. चूक शिक्षकाची, मुलांचे गुण जाता कामा नयेत.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पत्र द्यावं लागेल. ‘नजरचुकीने’ असं लिहा सर, म्हणजे तुमच्याही अंगाशी येणार नाही."

"नजर चुकायला आधी बघावं लागतं, बाई."

"पत्र तुमच्या फायलीत लागेल. मे महिन्यात पर्यवेक्षकांची यादी आहे, ते लक्षात आहे ना?"

लक्षात आहे म्हणालो. मला काही शूरपणा वाटत नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च

पत्र दिलं. ‘गेली पाच वर्षे मी नवे पाठ्यपुस्तक न वाचता जुन्या टिपणांवरून शिकवले व त्यानुसार उत्तरे तपासली.’ एवढं एक वाक्य लिहायला चार कागद फाडले.

दुपारी सगळे पेपर पुन्हा तपासले. या वेळी माझी वाक्यं शोधली नाहीत, मुलांनी काय म्हटलंय ते वाचलं. गोगलगाय वीसवर आली. आणखी दोघांनी मेणबत्तीचं कारण मोडक्यातोडक्या शब्दांत बरोबर लिहिलं होतं, ते सोळा आणि सतरावर आले. सहा नावं राहिली. मोठ्या बाईंना म्हणालो, यांनाही माझ्याकडे ठेवा, मी आत्ता कुठे शिकवायला लागलोय. त्या म्हणाल्या, नियम आहे. आठवड्यातून दोनदा मधल्या सुट्टीनंतर त्या सहा जणांना माझ्याकडे वाचायला पाठवायचं त्यांनी कबूल केलं. मी सहा नावांवर सही केली. मी सही करताना त्या सहामधला एकजण दारातच उभा होता, हजेरीपट घेऊन जायला आला होता. त्याला वाटलं मी हजेरीवर सही करतोय.

मंगळवार, ११ मार्च

आज जिभेचा तास पुन्हा घेतला. आधी पान वाचायचं, मग काय होईल असं वाटतं ते लिहायचं, मग करून बघायचं, मग काय झालं ते लिहायचं. प्रत्येकाला कापसाच्या नव्या काड्या. साखरेचं पाणी, मिठाचं पाणी, लिंबू आणि कडूसाठी बिनसाखरेची कडक कॉफी. मी एक शब्द बोललो नाही. प्रशिक्षक बाई मागे बसून काड्या मोजत होत्या.

गोंधळ म्हणजे काय विचारता. पहिल्या नंबरला अजूनही टोकावरच गोड लागलं. "वहीत तसंच होतं ना सर," म्हणाला. मी म्हटलं, पुन्हा करून बघ. त्याने चारदा केलं आणि चौथ्यांदा फार नाइलाजाने सगळीकडे गोड लागलं.

गोगलगायीचं सगळ्यांच्या नंतर झालं. मी ग्रंथालयातून तिच्यासाठी पुस्तकाची नवी प्रत काढून आणली होती. तिने ती घेतली, आभार मानले, आणि जुनी दप्तरातच ठेवली. लिहिता लिहिता हात वर केला.

"सर, मला कडू सगळीकडे लागलं, पण मागे जास्त लागलं. पुस्तकात तसं दिलेलं नाही. काय लिहू?"

"तुला लागलं ते लिही."

"मग गुण?"

"त्यालाच आहेत."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी खोटं बोलतोय का ते बघत होती, आणि तिला तसा हक्क आहे. मग मान खाली घालून लिहायला लागली. घंटा झाली तरी लिहीत होती. सगळे गेल्यावर कागद आणून दिला, घडी घालून.

घरी येऊन उघडला. तिने तीन उत्तरं लिहिली होती. पहिल्यावर ‘पुस्तकातले’, दुसऱ्यावर ‘सरांचे जुने’, तिसऱ्यावर ‘मला लागलेले’. तिन्ही पूर्ण, तिन्ही सारख्याच सुबक अक्षरात. आणि खाली एक ओळ: ‘यातले जे बरोबर असेल ते तपासावे.’